वॉलरस आजोबा आणि दारातला बांध

"एक शब्द गिळायचा होता तुला, टाउनो. एकच!"

"आणि त्या पोरीने काय गिळायचं होतं?"

"लहान आहे ती. लहान मुलं विसरतात."

"तुम्ही विसरलात? तुमच्या मावशीने साखरेच्या एका खड्यावरून तुम्हाला चोर ठरवलं होतं, ते अजून दर नाताळाला ऐकवता."

"विषय बदलू नकोस. शब्द दिला होतास मला. ह्याच चटईवर उभा राहून."

"दिला होता. पाळलाही."

"पाळलास! भरल्या सभेत केसाने गळा कापलास माझा, आणि म्हणे पाळलाही! आणि ते बूट काढ आधी. उंबऱ्यात उभं राहून भांडतात का? आत ये, बस."

टाउनो किवेलाने बूट काढले नाहीत. आमच्या तलावाकाठच्या पोर्ट हार्मन गावात बुटांसकट चटईवर उभा राहिलेला माणूस एकच गोष्ट सांगत असतो: मी कॉफीला थांबणार नाही. लेम्पी रुओनाच्या टेबलावर तर दोन कप मांडून झाले होते. वेलदोड्याच्या निसू पावाचे काप बशीत होते, कडेचा खरपूस तुकडा टाउनोच्या बाजूला. अर्वो, म्हणजे लेम्पीचा नवरा, गेल्यापासून तो तुकडा टाउनोचाच. तरीही तो हलला नाही. त्याच्या पांढऱ्या मिशांवरचा बर्फ वितळून चटईवर ठिबकत होता आणि दोघंही ते ठिबकणं बघत होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, लेम्पीच्या दाराच्या तोंडाशी, बर्फाचा बांध होता. मांडीएवढा उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या दारात असा बांध कित्येक हिवाळ्यांत कोणी पाहिला नव्हता.

सगळं भांडण त्या बांधाचं होतं.

बर्फगाडी पुढच्या पात्याने रस्ता साफ करते, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ कडेला लोटते. आणि कडेला लोकांची दारं असतात. गाडी गेली की ज्याच्या त्याच्या दारापुढे हा बांध उभा राहतो. नुसता पडलेला बर्फ पिसासारखा असतो, मूलसुद्धा उडवेल. पण गाडीने लोटलेला बर्फ चुरडलेला, वाळू मिसळलेला, जड. थोडा वेळ जाऊ दिला की दगड. तो फोडताना आमच्याकडे कंबरा जातात, हृदयं बंद पडतात. आणि तो ज्याचा त्याने काढायचा, हा गावाचा नियम. गाडीने कोणाच्या खाजगी दारात पातं लावायचं नाही. एकाचं केलं की सगळ्यांचं करावं लागेल, आणि कोणाची टपालपेटी मोडली तर भरपाई कोण देणार?

टाउनोला हा नियम पाठ होता. नव्या चालकांना तोच शिकवायचा. त्याला शिकवला होता अर्वो रुओनाने.

चार नंबरची गाडी आधी अर्वोची होती. टाउनो तरुणपणी तांब्याची खाण बंद पडल्यावर रस्ते खात्यात लागला, तेव्हा अर्वोने त्याला शेजारी बसवून अख्खा हिवाळा फिरवलं. पातं किती कलतं करायचं, टेकडीच्या वळणावर गिअर कधी टाकायचा, आणि पास्टी गरम कशी ठेवायची. पास्टी म्हणजे बटाटा, सलगम आणि मांस भरलेली, तळहातात न मावणारी करंजी. ती चांदीच्या कागदात गुंडाळून काचेखालच्या गरम वाऱ्याच्या झडपेवर ठेवायची, की शेवटच्या गल्लीला पोचेपर्यंत वाफाळलेली. टाउनोने लग्न केलं नाही. शनिवारी सौना, म्हणजे वाफेची अंघोळ, रविवारी रुओनांकडे जेवण, आणि हिवाळाभर चार नंबर. कोणी विचारलं, "टाउनो, एकटं नाही वाटत?" की म्हणायचा, "गाडीत जागाच नाही दुसऱ्याला. पास्टी असते."

अर्वो गेला. टाउनोचं रविवारचं जेवण तसंच चालू राहिलं.

मग एका हिवाळ्यात, पहाटेचा बर्फ काढत टाउनो लेम्पीच्या बर्च गल्लीत आला, तर दिव्याच्या उजेडात लेम्पी उभी. हातात फावडं. फावड्यावर रेललेली. बांधाला तिने एक खळगा पाडला होता, मुठीएवढा.

टाउनोने काच खाली केली. "मम्मू, आत जा. गोठाल." आमच्याकडे आजीला मम्मू म्हणतात, आणि अख्ख्या गल्लीची मम्मू लेम्पीच होती.

"खांदा वर जात नाही रे," ती म्हणाली. "डेलला सांगू नकोस."

डेल तिचा मुलगा. ग्रीन बे शहरात राहतो, चांगला आहे, दर रविवारी फोन करतो. पण त्याने आईशी एक करार केला होता: ज्या दिवशी स्वतःचा बर्फ स्वतः काढता येणार नाही, त्या दिवशी आमच्याकडे राहायला यायचं. तळघरातली खोली तयार आहे, खाली नवीन गालिचा टाकलाय.

"त्या तळघराला खिडकी आहे ना, ती गटाराच्या जाळीवर उघडते," लेम्पी म्हणाली. "मी तलाव बघत म्हातारी झाले, टाउनो. जाळी बघत मरू?"

टाउनोने काच वर केली. त्याने गाडी मागे घेतली, पातं तिरकं केलं, आणि एका फेरीत दार मोकळं करून दिलं. मग आत बोलावल्यावर चटईवर उभा राहून त्याने शब्द दिला. कोणाला कळणार नाही.

आणि खरंच कळलं नाही. दोघांनी मिळून ते इतकं झकास जमवलं होतं! टाउनो आधी सरळ पुढे जायचा, गल्लीच्या टोकाला वळायचा आणि परतताना पात्याच्या नाकाने बांध उचलून पलीकडच्या रिकाम्या जागेत सारायचा. पण सगळा नाही. एक लहानसा ढीग तो मुद्दाम ठेवायचा, टपालपेटीच्या बाजूला. उजाडलं की लेम्पी लाल टोपी घालून बाहेर यायची आणि त्या ढिगाला फावड्याने थोपटत बसायची. लोक कामाला जाताना हात करायचे. "काय मम्मू, आम्हाला लाजवताय!" ती म्हणायची, "तुम्ही तरुण माणसं, तुम्ही झोपा!" वर्तमानपत्राने तर तिचा फोटो छापला, ऐंशीव्या वर्षीही स्वतःचा बर्फ स्वतः काढणारी म्हणून. तो फोटो टाउनोने गाड्यांच्या शेडमध्ये चिकटवला. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

आणि हे का खपायचं? कारण आमच्या गाड्या सगळ्या सारख्या. भगव्या, चिखलाने माखलेल्या, डोक्यावर पिवळा दिवा. कोणती गाडी कोणाची, कोण बघतंय? पडद्याआडून लोकांना दिसायची ती नुसती "गाडी". आली, गेली, बांध टाकून गेली, शिव्या घातल्या, झालं.

तोवर त्यांना नावं नव्हती.

ती कल्पना ग्रंथालयातली. मुलांना गाड्यांची नावं ठेवायला सांगायची, ग्रंथालयातल्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, मग मतं घ्यायची. रस्ते खात्याच्या प्रमुख डार्लीन वुकोविच म्हणाल्या, "लोक आपल्याला शिव्या घालतात, निदान पोरं तरी टाळ्या वाजवतील." चालकांना शाळेत पाठवलं. मुलांना गाडीत चढवा, भोंगा वाजवू द्या, बर्फाची माहिती सांगा. टाउनोला माहिती सांगता येईना. तो नुसताच मधे उभा. एका मुलीने विचारलं, "तुमच्या मिशा खऱ्या आहेत?" तो म्हणाला, "ओढून बघ." तिने ओढल्या. ती टिली मक्कोनन. लेम्पीच्या घरासमोरच राहते, नऊ वर्षांची, पुढचे दोन दात मोठे, आणि बोलायला लागली की धाप लागेपर्यंत थांबत नाही.

डबा उघडला तेव्हा शेडमध्ये दंगा झाला. पहिलवानासारख्या लाइलची गाडी झाली "राजकन्या चमचम". तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. दोन नंबर "पॅनकेक". सगळे ओरडायचे, "पॅनकेक, वर ओतायला पाक आणू का?" आणि चार नंबर, टिलीच्या चिठ्ठीवरून, वर्गाच्या मतांनी: "वॉलरस आजोबा". वॉलरस म्हणजे तो बर्फातला मिशाळ, दोन लांब सुळ्यांचा समुद्रप्राणी.

"मी काही वॉलरस नाही," टाउनो म्हणाला.

लाइल म्हणाला, "राजकन्येशी बदली करतोस?"

रंगाऱ्याने दारावर निळी अक्षरं काढली आणि पुढच्या जाळीवर पांढऱ्या मिशा आणि दोन सुळे. टाउनो गंभीर चेहऱ्याने सगळं बघत राहिला. पण त्या दिवसापासून फेरी संपली की तो गरम पाण्याची बादली घेऊन आधी ती अक्षरं धुवायचा. मीठ आणि चिखल बसून नाव झाकायला नको. आम्ही विचारलं तर म्हणाला, "रंग महाग असतो."

मुलं खिडकीला नाकं लावून बसायला लागली. "आले, वॉलरस आजोबा आले!" हात हलवायची. टाउनो दोनदा दिवा लुकलुकवायचा. आयुष्यभर त्या रस्त्यांवरून तो गेला होता आणि कोणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. आता गल्लोगल्ली मुलं त्याची वाट बघत होती. त्याला ते आवडलं. त्यात त्याचं काय चुकलं?

फक्त ज्यांना बघावंसं वाटतं त्यांना सगळंच दिसतं. एवढं त्याच्या लक्षात आलं नाही.

नगरसभेत मुलांचं कौतुक करायचं ठरलं. सभागृह भरलेलं. लेम्पीने निसूच्या दोन लाद्या आणलेल्या, ती दुसऱ्या रांगेत. चालक मागच्या भिंतीला टेकून, टोप्या हातात. टिलीला पुढे बोलावलं आणि विचारलं, "तुझी गाडी तुला का आवडते?"

टिलीने दम घेतला. "कारण वॉलरस आजोबा सगळ्यात चांगले आहेत कारण बाकीच्या गाड्या नुसत्या जातात पण आमचे आजोबा पुढे जातात आणि मग परत येतात आणि नाकाने लेम्पी मम्मूचं दार साफ करतात, रोज, आणि मग मम्मूसाठी छोटा ढीग ठेवतात खेळायला!"

सभागृह हसलं. मग हसणं एका बाजूने विझत गेलं.

गॉर्डी प्रुस्ट उठला. गेल्या वर्षी हृदयाच्या ऑपरेशनला त्याची छाती उघडली होती. त्याने खात्याकडे दार साफ करून मागितलं तेव्हा नियम सर्वांना सारखा असं उत्तर मिळालं होतं. "म्हणजे माझ्या छातीपेक्षा रुओनाबाईंचं दार मोठं का?" तो म्हणाला. वाईट स्वरात नाही. ते जास्त लागलं.

सगळ्या माना लेम्पीकडे.

लेम्पी उभी राहिली. लाल टोपी मांडीवरून खाली पडली. "माझा बर्फ मी काढते," ती म्हणाली. "फोटो छापलाय तुम्हीच. मला कोणाची गरज पडलेली नाही. पोर आहे, स्वप्नात पाहिलं असेल."

टिलीचं तोंड उघडंच राहिलं. "मी नाही स्वप्नात..." मागून कोणीतरी चुकचुकलं, कोणी म्हणालं, "किती थापा मारतात आजकालची पोरं." तिच्या आईने तिला खाली ओढायला हात पुढे केला. ती बसली नाही. तिने अख्ख्या सभागृहावरून मागच्या भिंतीकडे बघितलं, मिशांकडे.

"आजोबा, सांगा ना."

टाउनोने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पोरगी खरं बोलते," तो म्हणाला.

बस, तीन शब्द. आमच्या आठवणीत सभेत तो पहिल्यांदाच बोलला.

डार्लीनबाई कठोर नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या लेम्पीकडे गेल्या, टाउनोला घेऊन. याच टेबलाशी बसल्या. त्यांनी सरळ सांगितलं, "मम्मू, आजारी माणसाने मागितली तर मदत द्यायची सोय करता येते. गॉर्डीलाही देऊ. फक्त एवढं म्हणा, की मला जमत नव्हतं आणि मी टाउनोला सांगितलं. मग त्याला समज देऊन सोडते. नाहीतर त्याने मनाने गावाची गाडी वापरली असं होतं. मग मला त्याला गाडीवरून उतरवावं लागेल."

लेम्पीने कॉफी ओतली.

"मी काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "त्याच्या मनात आलं, त्याने केलं."

टाउनो टेबलाशी बसला होता. त्याच्या तोंडात पावाचा खरपूस तुकडा होता. तो त्याने चावला, गिळला, कप उलटा ठेवला आणि डार्लीनबाईंना म्हणाला, "चला."

त्याला उतरवलं. आता तो शेडमध्ये असतो, पाट्या सरळ करतो, गाड्या धुतो. चार नंबर कोडी नावाच्या नव्या मुलाकडे गेली. नियम त्यालाही टाउनोनेच शिकवला. संध्याकाळी गाडी आत आली की टाउनो गरम पाण्याची बादली घेऊन निळी अक्षरं धुतो. टिली आता खिडकीत बसत नाही. तिची आई म्हणते, शाळेत तिला काही विचारलं की ती आधी म्हणते, "मला नक्की माहीत नाही."

आणि आज सकाळी लेम्पीने शेडमध्ये फोन केला. "टाउनो, ये. बोलायचंय." त्याने फडकं ठेवलं, हात पुसले, आणि लाइलला म्हणाला, "मम्मूने बोलावलंय." लाइल नंतर आम्हाला म्हणाला, "त्याच्या आवाजात असं काही होतं की मी राजकन्येच्या चाकाखालून डोकं बाहेर काढून बघितलं."

तर तो आला होता असा. आणि चटईवर उभा होता.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तुम्ही डार्लीनबाईंना फोन करणार म्हणून बोलावलंत."

"डार्लीनला काय फोन करायचा? झालं ते झालं. तुला काय कमी आहे? शेड गरम असते. ह्या वयात पहाटे उठायचं संपलं. उपकार मान."

"गाडी गेली माझी."

"गाडी अर्वोची होती."

टाउनोने मान वर केली. लेम्पीने नजर बशीकडे वळवली आणि एक काप उगाचच सरळ केला.

"बरं," तो म्हणाला. "गाडीचं सोडा. मला गाडी नको. समोर जा. रस्ता ओलांडून फक्त. त्या पोरीला सांगा, तू खोटं बोलली नव्हतीस. आईसमोर सांगा. दुसरं काही मागत नाही मी तुमच्याकडे, मम्मू. कधी मागितलं नाही."

"सांगेन."

"कधी?"

"डेल जाऊ दे. मग सांगेन."

"डेल?"

"येतोय. दुपारपर्यंत पोचेल. सभेचं त्याच्या कानावर गेलंय, ह्या गावात तोंडं काय कमी आहेत? मी म्हटलं, सगळ्या थापा, येऊन बघ. म्हणून तर तुला..." ती थांबली. मग उठली, दाराशी आली. दाराच्या कोपऱ्यात फावडं उभं होतं, दांडा पुसून ठेवलेलं. "तो कोडी मेला, भिंत घालून गेलाय. डेलने ती बघितली तर आजच सामान बांधायला लावेल. गाडी नसली तर नसली, तुझ्या हातात अजून जोर आहे. मागच्या बाजूने ये, म्हणजे समोरच्यांना दिसणार नाही."

टाउनो फावड्याकडे बघत राहिला.

"म्हणून बोलावलंत," तो म्हणाला.

"मग काय भांडायला? भांडण तू काढलंस. मी कॉफी केली होती." तिचा आवाज खाली आला. आता ती गल्लीची मम्मू नव्हती, एक म्हातारी बाई होती, एका हाताने दुसरा खांदा धरलेली. "टाउनो. ती खिडकी जाळीवर उघडते रे. तुला सांगितलंय ना मी?"

बाहेर रस्त्यावरून दुसऱ्या फेरीला चार नंबर गेली. स्वयंपाकघरातले कप किणकिणले. खिडकीतून पांढऱ्या मिशा आल्या, सुळे आले, धुतलेली निळी अक्षरं आली, आणि गेली. बांध आणखी थोडा उंच झाला. समोरच्या घराच्या खिडकीत पडदा होता, तो हलला नाही.

"आणि तेवढा छोटा ढीग ठेवशील ना?" लेम्पी म्हणाली. "टपालपेटीच्या बाजूला? डेल आला की मी टोपी घालून तिथे असेन. ठेवशील ना, टाउनो?"

टाउनोने टोपीचे कान खाली ओढले. दार उघडलं. फावडं कोपऱ्यात जिथे होतं तिथेच राहिलं, आणि तो बांध ओलांडून निघून गेला.